दहावीनंतर कॉम्प्युटर? आधी हे वाचा

हिंजवडीच्या आयटी पार्कचा तिसरा टप्पा माण गावच्या शिवारात उभा आहे. तिथे जायची तयारी मात्र दहावीपासूनच करावी लागते.

पॉलिटेक्निकच्या 3 वर्षांच्या पदविकेला सीईटी नाही. दहावीच्या गुणांवर प्रवेश, आणि पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. ही वाट उगाचच कमी लेखली जाते.

बारावी सायन्सनंतर इंजिनिअरिंगसाठी एमएचटी-सीईटी. पीसीएम गटात 200 पैकी 100 गुण एकट्या गणिताचे, म्हणून अकरावीला गणित सोडण्याआधी दहादा विचार करा. चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत. तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवू नये. बीसीएलाही 2024 पासून सीईटी आहे. ‘साधी पदवी, जूनमध्ये बघू’ म्हणणाऱ्या पालकांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या पात्र मुलींना 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क माफ आहे, पण प्रवेश ‘कॅप’मधून (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) हवा, मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. अधिवास आणि उत्पन्नाच्या दाखल्यांसाठी माण गावच्या रहिवाशांचे तहसील कार्यालय पौडला. निकालानंतरच्या गर्दीत अडकू नका, कागदपत्रे आधीच जमवा.