भावकीचे कागद आणि कागदाबाहेरची माणसं

२ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य सरकारने मराठा अर्जदारांना कुणबी प्रमाणपत्र देण्यासाठी हैदराबाद गॅझेटच्या अंमलबजावणीचा शासन निर्णय काढला आणि मराठवाड्यातल्या घराघरात पणजोबाच्या बापाची चौकशी सुरू झाली. हिंगोली जिल्ह्यात हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ असे पाच तालुके. पाचही ठिकाणी वंशावळ ही आता लग्नाच्या बैठकीत सांगायची गोष्ट राहिलेली नाही. ती शपथपत्रावर उतरवून दाखल करावी लागते. वर मूळ पुरुष, खाली त्याचे मुलगे, त्यांचे मुलगे आणि अगदी तळाशी अर्जदार. भावकीत एकाची जुनी कुणबी नोंद निघाली की पांगलेल्या शाखा तिच्याशी नातं जुळवायला लागतात. ज्या चुलत्यांशी बांधावरून बोलणं बंद होतं, त्यांच्याकडेही आजोबांच्या भावाचं नाव विचारायला जावं लागतं.

गॅझेट हाती आलं म्हणजे पूर्वज सापडला, असा अनेकांचा समज होता. त्या ग्रंथात माणसांची नावं नसतात, जातींचे आकडे असतात. विसाव्या शतकाच्या आरंभी ते छापलं गेलं, तेव्हा हिंगोली हा परभणी जिल्ह्यातला तालुका होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला. तेव्हाच्या जिल्ह्यात कुणबी किती, हे गॅझेट सांगतं. त्या संख्येत आपला खापरपणजा होता, हे सांगायला दुसरे कागद लागतात. ते नसतील तर काय, याचं उत्तर शासन निर्णयात आहे. १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी पूर्वज त्या भागात राहत होते असं प्रतिज्ञापत्र द्यायचं, प्रमाणपत्र मिळालेल्या गावातल्या किंवा कुळातल्या नातलगाने आपलं नातं लिहून द्यायचं, मग ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी यांच्या समितीने चौकशी करायची.

दुसरे कागद म्हणजे खासरा पत्रक, पाहणी पत्रक, जन्ममृत्यूच्या नोंदींचं कोतवाल बुक, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलुख निजामाच्या राज्यात होता आणि दरबारचा कारभार आधी फारसीत, मग उर्दूत चाले. घरगुती दस्त मोडीत. म्हणजे आपल्याच घराण्याचा कागद हाती असून तो वाचता येत नाही, अशी आजच्या पिढीची गत. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्या मोजक्या माणसांना त्यामुळे गेल्या काही वर्षांत एकाएकी मागणी आली. या नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती सप्टेंबर २०२३ मध्ये नेमली गेली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरअखेर मुख्यमंत्र्यांनी जो हिशेब सांगितला त्यात मराठवाड्यात तपासलेल्या नोंदी पावणेदोन कोटींच्या आसपास होत्या. त्यातून निघालेल्या कुणबी नोंदी साडेअकरा हजार.

पैनगंगा ओलांडली की चित्र बदलतं. पलीकडे वाशीम, यवतमाळ म्हणजे वऱ्हाड. १८५३ पासून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, त्यामुळे तिथे दप्तराची घडी वेगळी बसली आणि कुणबी अशी नोंदही सर्रास मिळते. सोयरिकींनी मात्र ही सरहद्द कधीच मानली नाही. सेनगाव-कळमनुरीच्या लेकी पलीकडे नांदतात, पलीकडच्या इकडे येतात. भाऊ अलीकडे मराठा आणि बहिणीचं सासर पलीकडे कुणबी, अशी घरं या पट्ट्यात नवलाची नाहीत. २६ जानेवारी २०२४ ला ‘सगेसोयरे’ या शब्दाची व्याख्या करणारा अधिसूचनेचा मसुदा निघाला, तो याच दुखण्यावर होता. जातपडताळणीत नातं धरलं जातं ते बापाकडचं, रक्ताचं. आईचं माहेर आणि आत्याचं सासर त्या हिशेबात येत नाही.

या हिशेबात बाई कुठे आहे, हा प्रश्न कळकळीने विचारायला हवा. दाखल होणाऱ्या वंशावळींत लेकी-सुनांची नावं बहुधा गाळलेली असतात. मुलगी अर्जदार असेल तर ती तळाशी एकटी येते, तिच्यावरच्या साऱ्या पायऱ्यांवर पुरुष. आणि तरीही कोण कुणाचा, थोरल्या घरातला की धाकट्या, कुणाला दत्तक दिलं, कोण दुष्काळात गाव सोडून गेलं, ही माहिती विचारायला लोक जातात ती घरातल्या म्हाताऱ्या आजीकडेच.

याच जिल्ह्यात याहून वेगळी वंशावळ सातशे वर्षं टिकली आहे. हिंगोली तालुक्यात कयाधूकाठी नर्सी हे गाव आहे. परंपरेने ते संत नामदेवांचं जन्मगाव. जन्म १२७०, घर शिंप्याचं. बाप दामाशेट, आई गोणाई, बायको राजाई, बहीण आऊबाई, मुलगी लिंबाई. मुलगे नारा, विठा, गोंदा, महादा. सुनांचीही नावं ठाऊक आहेत आणि घरच्या दासी म्हणवणाऱ्या जनाबाईंचं तर सगळ्यांनाच. मोठमोठ्या सरदार घराण्यांच्या कागदांतही बायकांची इतकी नावं एका ठिकाणी सहसा मिळायची नाहीत. ती टिकली, कारण त्या घरातल्या बायकांच्या नावावर अभंग आहेत. गोणाई आणि राजाईच्या अभंगांत संसाराची तक्रार आहे, त्यामुळे त्या नुसत्या नावापुरत्या उरत नाहीत.

नामदेवांचं नातं पुढे रक्ताच्या फार पलीकडे गेलं. पंढरपूरचं नामदास घराणं स्वतःला त्यांचे वंशज मानतं. महाराष्ट्रातला मोठा शिंपी समाज आपल्या नावाआधी नामदेव लावतो. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत आणि पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला त्यांचं स्थान आहे. २०१५ चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथेच भरलं. तिकडचे भाविक नर्सीला येतात ते आपल्या मूळ ठिकाणी आल्यासारखे. कुणी त्यांना खासरा पत्रक मागत नाही.

पिढ्यांची नावं जपणं हे काही लहान समाजांचं कामच होतं. दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात हेळवी दारोदार जाऊन यजमानाच्या पिढ्या म्हणून दाखवत आणि धान्य नेत. मराठवाड्यात, विदर्भात भाट वह्या घेऊन येत. नवा जन्म, नवी सून विचारून नोंद करत. बंजारा तांड्यांवर ढाडी गाऊन वंश सांगत. तीर्थक्षेत्री हेच काम उपाध्यायांच्या बाडांत झालं. नाशिक, त्र्यंबकेश्वर, गया, काशी, कुठेही गेलं तरी पहिला प्रश्न गावाचा, दुसरा आडनावाचा. मग वहीत आजोबाची सही किंवा अंगठा निघतो. हरिद्वारच्या अशा वह्यांचं महत्त्व ओळखून अमेरिकेतल्या युटाच्या वंशशास्त्र संस्थेने १९७० च्या दशकापासून त्यांच्या मायक्रोफिल्म काढल्या. आपल्याकडच्या भाटांच्या वह्यांवर एवढी मेहनत झालेली नाही. बैठक मोडली, बिदागी थांबली की पुढची पिढी दुसऱ्या धंद्याला लागते आणि वही माळ्यावर जाते.

दुखरी बाजू अशी की हेळवी आज भटक्या जमातींच्या यादीत आहेत. इतरांच्या पिढ्या तोंडपाठ असणाऱ्यांना स्वतःच्या बापाचा जन्म कागदावर सिद्ध करावा लागतो. विमुक्त-भटक्यांसाठी पुराव्याची तारीख आहे २१ नोव्हेंबर १९६१. मसणजोगी, वैदू, घिसाडी, नंदीवाले यांच्या मागच्या पिढ्या गावाच्या शिवारावर पाल ठोकून राहिल्या. जमीन नाही म्हणून खासरा नाही, शाळा नाही म्हणून प्रवेश-निर्गम नाही, मुक्काम हलता म्हणून कोतवाल बुकात जन्म नाही. मोठ्या, जमीनवाल्या समाजाला कागद शोधावा लागतो. यांचा कागद मुळात झालाच नाही. दोघांना एकाच खिडकीवर एकच नमुना भरायला लावणं हा न्याय नव्हे.

कळमनुरी-औंढ्याच्या भागातल्या आंध समाजाची अडचण निराळी. राज्यातल्या अनुसूचित जमातींच्या यादीत पहिलं नाव आंधांचं आहे, तारीख ६ सप्टेंबर १९५०. त्याआधीच्या नोंदीत कुणी नुसतंच हिंदू लिहिलं असेल किंवा शेतकरी, तर पडताळणीत ते नातवाच्या आड येतं. मग चालीरीती, देवदेवक, लग्नविधी विचारून जमातीशी जवळीक तपासली जाते. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठाकूर जमातीच्या प्रकरणात सांगितलं की ही कसोटी निर्णायक धरता येणार नाही. शहरात दोन पिढ्या काढलेल्या मुलीला कुळाचा विधी सांगता आला नाही, म्हणून ती त्या कुळातली नाही असं होत नाही. एका घरात पहिल्याला व्हॅलिडिटी मिळवताना वर्षं जातात. मग त्याच प्रमाणपत्राच्या आधारे बापाकडच्या भावंडांची वाट पुष्कळ सोपी होते. म्हणून कित्येक घरांत थोरल्याची फाईल हा साऱ्या भावकीचा ठेवा असतो.

२०२७ च्या जनगणनेत १९३१ नंतर प्रथमच देशभर सगळ्या जाती विचारल्या जाणार आहेत. शिरगणती करणारा पालावर पोचला तर मसणजोग्याची नोंद होईल, हीच काही घरांची पहिली सरकारी नोंद असेल. पण जनगणनेतली कुटुंबाची माहिती कायद्याने गोपनीय असते आणि तिचा उतारा पुरावा म्हणून मिळत नाही. पालावरच्या मुलाला जन्मनोंद, शाळेचा दाखला आणि त्या दाखल्यावर जमातीचं नीट लिहिलेलं नाव एवढं तरी हवं, आणि ते लिहून घेण्याचं काम ग्रामपंचायत अधिकाऱ्याचं आणि मुख्याध्यापकाचं आहे.