दुखऱ्या सांध्यांची गोष्ट : भाग ९
आपलंच रक्त, आपल्याच कोपरात

श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचं नाव सगळे घेतात, ती सोलणाऱ्या बाईच्या कोपराचं कुणी घेत नाही. दिवसभर मूठ आवळलेली आणि मनगट ताणलेलं. पुढे कोपराच्या बाहेरच्या बाजूला असं दुखायला लागतं, की चहाचा कपही उचलवत नाही. डॉक्टर याला टेनिस एल्बो म्हणतात. माझ्या काकूने जन्मात रॅकेट हातात धरलेली नाही, पण एल्बो टेनिसचाच. गेल्या वर्षी तिला सल्ला मिळाला, "पीआरपी करून घ्या." अलिबागकडे मातीवर कबड्डी खेळताना गुडघा दुखावून बसलेल्या पोरांच्या तोंडीही हल्ली हेच नाव असतं.

पीआरपी म्हणजे प्लेटलेटने समृद्ध केलेला रक्तद्रव. प्लेटलेट आपल्याला डेंग्यूमुळे पाठ झाल्यात : एका मायक्रोलिटरमध्ये साधारण दीड ते साडेचार लाख. दंडातून रक्त काढतात आणि नळी यंत्रात गरगर फिरवतात. सोलकढी ठेवून दिली की थर वेगळे होतात ना, तसंच. तळाला लाल पेशी, वर पिवळसर पाणी, मध्ये पांढुरकी पातळ साय. प्लेटलेट त्या सायीच्या आसपास गोळा होतात. तेवढा भाग घेऊन दुखऱ्या जागी टोचायचा. कल्पना सरळ आहे. स्नायू हाडाला बांधणाऱ्या टेंडनला रक्तपुरवठा बेताचा, म्हणून ती सावकाश भरते. प्लेटलेटमध्ये पेशींची वाढ चेतवणारी प्रथिनं असतात, ती थेट तिथेच नेऊन ठेवायची.

२००६ मध्ये अमेरिकेतून कोपराच्या २० रुग्णांवरचा छोटा, उत्साहवर्धक अभ्यास आला. २००९ मध्ये हाइन्स वॉर्ड हा अमेरिकन फुटबॉलपटू गुडघ्याची हाडं बांधणाऱ्या लिगामेंटला पीआरपी घेऊन अंतिम सामना खेळला आणि इंजेक्शनचं नशीब उघडलं. मग नेदरलँड्समध्ये टाचेवरच्या टेंडनच्या ५४ रुग्णांपैकी निम्म्यांना पीआरपी आणि निम्म्यांना नुसतं सलाईनचं पाणी टोचलं. सोबत व्यायाम सगळ्यांनाच. दोन्ही गट सुधारले, सारखेच. २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये टाचेच्याच २४० रुग्णांमध्ये, एका गटाला खोटं इंजेक्शन देऊन, पुन्हा तेच दिसलं. कोपरावरच्या ३२ अभ्यासांचा कॉक्रेन या संस्थेचा आढावाही त्याच वर्षीचा, आणि निष्कर्षही तसाच.

मग डॉक्टर मंडळी कुठल्या जोरावर सुचवतात? कोपराच्या १०० रुग्णांवरच्या २०१० च्या एका डच अभ्यासात पीआरपी स्टिरॉइडपेक्षा वर्षभरानंतर सरस ठरलं होतं. पण गेल्या आठवड्यात आपण पाहिलं, की स्टिरॉइड आधी आराम देतं आणि पुढे उलटतं. शेजारचा बैल लंगडत असताना शर्यत जिंकली, तर आपल्या बैलाचं कौतुक किती करायचं?

संशोधकांचा सध्याचा वाद नळीत नेमकं काय असतं, यावर आहे. एका दवाखान्यात प्लेटलेट दुप्पट, दुसऱ्यात पाचपट. कुठे पांढऱ्या पेशी ठेवतात, कुठे काढून टाकतात. नाव मात्र एकच. म्हणून २०१७ मध्ये तज्ज्ञांनी ठरवलं, की अभ्यास छापताना रक्त कसं काढलं, कसं फिरवलं, हाती काय आलं, हे सगळं नोंदवायचं. मला विचाराल तर हे दहा वर्षं आधी व्हायला हवं होतं.

गुडघ्यातलं एसीएल हे लिगामेंट पूर्ण तुटलं असेल तर मात्र नुसत्या सुईने ते जुळत नाही. सांध्यातल्या द्रवात रक्ताची गुठळी टिकतच नाही. बॉस्टनच्या मार्था मरे यांनी त्यावर तोड काढली : कोलॅजनचा स्पंज तुटलेल्या टोकांमध्ये बसवायचा आणि त्यात रुग्णाचंच रक्त भरायचं. अमेरिकेतल्या औषध नियामकाने २०२० च्या अखेरीस त्याला परवानगी दिली. पण ही शस्त्रक्रिया झाली. कबड्डीत घोटा पकडीत सापडून गुडघा पिळवटला आणि एक सुई मारून पुढच्या रविवारी चढाईला गेलो, असं होत नाही.

काकू मांडव्याहून बोटीने मुंबईला जाऊन दोन इंजेक्शनं घेऊन आली. तीन महिन्यांत कोपर बरं झालं. गुण इंजेक्शनचाच, असं ती आल्यागेल्याला सांगते. त्या तीन महिन्यांत सुपारी सुनेने सोलली, हे मात्र सांगत नाही.