सेल्फ मारला की नुसतीच घरघर? गाडीचा सेल्फ क्लच घरी बदलायचा तर आधी हे वाचा

पहाटेचे साडेपाच वाजलेत. डेअरीवर दूध घालायची वेळ. कॅन गाडीला अडकवले, चावी फिरवली, सेल्फ मारला आणि गाडीतून नुसता ‘घर्रर्र’ आवाज आला. इंजिन जागचं हललंच नाही. पुन्हा बटण दाबलं, पुन्हा घरघर. चौथ्या-पाचव्या वेळी कशीबशी लागली. आठ दिवसांनी तेवढंही होईना.

गाडीला किक असेल तर काम भागतं. पण आता बऱ्याच गाड्यांना किकच येत नाही. रात्री-अपरात्री घरात कुणी आजारी पडलं आणि गाडी लागली नाही, तर ढकलत बसण्याची ती वेळ नसते.

अशा वेळी होतं काय, की आधी बॅटरी बदलली जाते. फरक पडत नाही. मग सेल्फ मोटर उघडली जाते, मग रिले नवा टाकला जातो. पैसे जातात आणि घरघर तशीच राहते. कारण दोष असतो दुसरीकडेच, मॅग्नेटच्या मागे बसवलेल्या सेल्फ क्लचमध्ये. मेकॅनिक मंडळी यालाच ‘वन-वे’ असंही म्हणतात.

हा सेल्फ क्लच करतो तरी काय?

सायकलची फ्रीव्हील आठवा. पायडल पुढे मारलं की चाक ओढलं जातं, पायडल थांबवलं तरी चाक मोकळं फिरत राहतं. सेल्फ क्लचचं काम तसंच. सेल्फ मोटर फिरली की हा क्लच इंजिनाच्या शाफ्टला घट्ट पकडतो आणि इंजिन फिरवतो. इंजिन लागून जोरात फिरायला लागलं की पकड आपोआप सुटते. ती सुटली नाही, तर इंजिनच उलट मोटरला गरागरा फिरवेल आणि मोटर जळेल.

बऱ्याच गाड्यांत या क्लचमध्ये तीन छोटे रोलर आणि त्यांना ढकलणाऱ्या तीन स्प्रिंगा असतात. उतारावर बैलगाडीच्या चाकाखाली दगड लावला की चाक अडतं, तसे हे रोलर निमुळत्या जागेत अडकतात आणि पकड बसते. काही गाड्यांत तीन रोलरऐवजी गोल पिंजऱ्यात बसवलेले बारीक दात असतात. प्रकार कोणताही असो, रोलर झिजले, स्प्रिंग मेली किंवा रोलर ज्यावर पकड घेतात तो गिअरचा गोल भाग घासला, की क्लच घसरतो. मोटर फिरते, इंजिन फिरत नाही.

आधी रोग ओळखा

गाडी न्यूट्रल करा आणि सेल्फ मारून आवाज नीट ऐका.

‘कट-कट-कट’ असा आवाज येतो आणि हेडलाइट मंद होतो: बॅटरी उतरलेली आहे किंवा बॅटरीची वायर सैल आहे.

लाइट चांगला आहे, पण सेल्फचा काहीच आवाज नाही: बटण, रिले, क्लच लिव्हरचा स्विच किंवा सेल्फ मोटर तपासा.

मोटर जोरात घरघरते, पण इंजिन फिरत नाही, किंवा मध्येच पकडतं आणि मध्येच सुटतं: सेल्फ क्लचवर संशय घ्यायला हरकत नाही.

तरी लगेच उघडू नका. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मल्टिमीटर असतो. गाडी बंद असताना बॅटरी १२.५ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर ठीक. १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. सेल्फ मारताना आकडा १० च्या खाली जात असेल तर बॅटरी कमजोर धरा. क्लच घसरत असेल तर मोटरवर भारच पडत नाही, त्यामुळे आकडा फारसा खाली येत नाही. ही खूण लक्षात ठेवा.

आणखी एक सोपी तपासणी आहे. बऱ्याच गाड्यांच्या डाव्या बाजूच्या मॅग्नेट कव्हरवर मधोमध एक गोल झाकण असतं. ते उघडलं की आत मॅग्नेटचा नट दिसतो. एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने लांबून बघायचं. बोट किंवा पाना आत घालायचा नाही. मोटरचा आवाज येतोय आणि नट जागचा हलत नाही, म्हणजे मोटर आणि शाफ्ट यांच्या मध्ये कुठेतरी घसरतंय. तिथे मधला गिअर किंवा चेन असते आणि सेल्फ क्लच असतो. बहुतेक वेळा दोष क्लचचाच निघतो.

सकाळी थंडीत घसरतो आणि गाडी तापल्यावर नीट लागते, असं असेल तर आधी इंजिन ऑइल बदलून बघा. जुनं, काळं, चिकट ऑइल रोलर आणि स्प्रिंगा जागेवर अडकवून ठेवतं. कधी कधी तेवढ्यानेच काम होतं.

एक महत्त्वाचं: सगळ्याच गाड्यांत हा भाग नसतो. होंडाच्या बीएस-६ शाइन, एसपी १२५ आणि अ‍ॅक्टिव्हा यांसारख्या गाड्यांत मॅग्नेटच स्वतः सेल्फ मोटरचं काम करतो. त्यांना वेगळी सेल्फ मोटर नाही आणि सेल्फ क्लचही नाही. तुमची गाडी बटण दाबताच खरखर न करता गुपचूप चालू होत असेल तर हा लेख त्या गाडीसाठी नाही.

काय काय लागेल

सॉकेट आणि टी-पाने, एलन की संच, मॅग्नेट धरून ठेवायचा पकड-पाना, टॉर्क पाना, नवीन सेल्फ क्लच, मॅग्नेट कव्हरचं नवीन पॅकिंग, बोल्ट-लॉक, इंजिन ऑइल आणि स्वच्छ फडकं. आणि सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे तुमच्या मॉडेलचा मॅग्नेट पुलर. तो प्रत्येक गाडीला वेगळा असतो. दुकानात मॉडेल आणि वर्ष सांगूनच घ्या.

पुलर नसेल तर हे काम सुरूच करू नका. मॅग्नेट हातोडीने ठोकून काढायचा प्रयत्न केला की शाफ्टचे आटे जातात, मॅग्नेटला तडा जातो, शाफ्ट वाकण्याचीही भीती असते. मग अख्खं इंजिन उघडावं लागतं. एका छोट्या पार्टचं काम पाचपट महागात पडतं ते इथेच.

उघडायचं कसं

ही पद्धत डाव्या बाजूला मॅग्नेटमागे क्लच असलेल्या साध्या १०० ते १५० सीसी गाड्यांची आहे.

१. गाडी थंड होऊ द्या. सपाट जागी मेन स्टँडवर लावा. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा.

२. अनेक गाड्यांत मॅग्नेट ऑइलमध्येच फिरतो, म्हणून ऑइल काढून घ्या. गिअर लिव्हर काढण्याआधी शाफ्टवर आणि लिव्हरवर खूण करा, म्हणजे परत त्याच जागी बसेल.

३. मॅग्नेट कव्हरचे बोल्ट एकदम एका बाजूने न काढता समोरासमोरचे थोडे थोडे सैल करा. बोल्टची लांबी वेगवेगळी असते. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढा, भोकं पाडा आणि ज्या जागचा बोल्ट त्या जागी खोचून ठेवा. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलवर फोटो काढा.

४. काही गाड्यांत कॉइल कव्हरलाच असते आणि मॅग्नेट तिला जोरात ओढून धरतो. कव्हर सुटताना बोटं चेमटू शकतात, सावध राहा. कव्हर वायरवर लोंबकळत ठेवू नका. कव्हरच्या छोट्या पोकळ पिना हरवू नका.

५. मधला छोटा गिअर आणि त्याची पिन काढा. वॉशर कुठल्या बाजूला होता त्याचा फोटो ठेवा.

६. मॅग्नेट पकड-पान्याने धरा आणि मधला नट सोडवा. मॅग्नेटच्या भोकात स्क्रू ड्रायव्हर अडकवून धरायचं नाही.

७. पुलर हाताने फिरवत पूर्ण आत बसवा. काही पुलरचे बाहेरचे आटे उलटे असतात, त्यामुळे चार-पाच आटे हाताने सहज बसल्याशिवाय पाना लावू नका. मग मधला बोल्ट आवळत जा. ‘टक्’ असा आवाज येऊन मॅग्नेट सुटतो. शाफ्टवरची अर्धचंद्रासारखी छोटी चावी लगेच जपून ठेवा.

नेमकं काय झिजलंय ते बघा

मॅग्नेटच्या मागे सेल्फ क्लच आणि त्यात बसणारा मोठा गिअर दिसेल. गिअर क्लचमध्ये बसवून हाताने फिरवा. एका दिशेने मोकळा फिरला पाहिजे, दुसऱ्या दिशेने लगेच अडकला पाहिजे. दोन्हीकडे फिरत असेल तर क्लच गेला.

मोकळ्या दिशेने फिरवत गिअर बाहेर काढा. त्याच्या गोल भागावरून नख फिरवा. गुळगुळीत असेल तर चालेल. नख अडकत असेल, चर किंवा खड्डे पडले असतील, तर गिअरही बदला. जुन्या घासलेल्या गिअरवर नवा क्लच बसवला तर थोड्याच दिवसांत पुन्हा तीच घरघर. बरेच जण इथे पैसे वाचवतात आणि दोनदा खर्च करतात.

क्लच मॅग्नेटला साधारण तीन बोल्टने बसवलेला असतो आणि ते बोल्ट-लॉक लावून घट्ट केलेले असतात. सुटत नाहीत म्हणून गॅसची ज्योत मारू नका. जास्त उष्णतेने मॅग्नेटचे चुंबक सुटू शकतात किंवा त्यांची ताकद कमी होते. एलन की गोल फिरायला लागली, तर तिथेच थांबा आणि फक्त मॅग्नेट घेऊन गॅरेजला जा.

नवीन बसवताना

नव्या क्लचला ग्रीस लावू नका. इंजिन ऑइलचे थेंब पुरे. जुना ज्या बाजूने बसला होता त्याच बाजूने नवा बसवा. उलटा बसला तर पकड उलट्या दिशेला होते. बोल्टचे जुने आटे साफ करून बोल्ट-लॉकचा थेंब लावा आणि कंपनीच्या पुस्तकातल्या मापाने टॉर्क पान्याने आवळा. हे बोल्ट चालत्या गाडीत सैल झाले तर आतलं सगळं खातात.

गाडीवर चढवण्याआधी गिअर लावून पुन्हा तपासा: एका दिशेने मोकळा, दुसरीकडे बंद. ही एक मिनिटाची तपासणी पुन्हा सगळं उघडायची वेळ येऊ देत नाही.

मॅग्नेटच्या आतून हात फिरवा. एखादा वॉशर किंवा लोखंडाचा तुकडा चिकटला असेल तर काढा. शाफ्टचा निमुळता भाग आणि मॅग्नेटचं मधलं भोक कोरडं पुसा, तिथे ऑइल नको. अर्धचंद्र चावी जागेवर बसवून मॅग्नेट चढवा, नट मापाने आवळा. मधला गिअर, नवीन पॅकिंग आणि कव्हर लावा. ऑइल भरा. बॅटरीची निगेटिव्ह वायर शेवटी जोडा.

किक असेल तर चावी बंद ठेवून ती हाताने दोन-चार वेळा हळू दाबा. आत काही अडत नाही ना बघा. मग सेल्फ मारा. आवाज स्वच्छ आणि इंजिन पहिल्या दमात फिरलं, म्हणजे काम झालं.

पुन्हा लवकर झिजू नये म्हणून

उतरलेल्या बॅटरीवर वारंवार सेल्फ मारू नका. इंजिन अर्धवट फिरून मागे झटका मारतं आणि तो झटका थेट रोलरवर बसतो. गाडी चालू असताना चुकूनही बटण दाबू नका. एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका, मध्ये थोडं थांबा. ऑइलच्या डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ लिहिलंय का बघा. चारचाकीचं उरलेलं ऑइल मोटरसायकलमध्ये ओतू नका.

कधी हात लावायचा नाही

गाडी वॉरंटीत असेल तर स्वतः उघडू नका. नट हलत नसेल किंवा पुलरचे आटे गेले असतील तर जबरदस्ती करू नका. काही मोठ्या गाड्यांत हा भाग गिअरच्या क्लचजवळ असतो, तिथे बरंच काही उघडावं लागतं. ते काम जाणकाराकडेच द्या.

गॅरेजला दिलं तरी वरची माहिती वाया जात नाही. ‘मोटर फिरते, मॅग्नेटचा नट फिरत नाही, बॅटरी चांगली आहे,’ एवढं सांगितलंत तरी अंदाजाने पार्ट बदलणं टळेल. जुना क्लच आणि गिअर परत मागून घ्या, नख फिरवून स्वतः बघा. आणि काढलेलं जुनं ऑइल ओढ्यात किंवा बांधावर ओतू नका, डब्यात भरून गॅरेजला द्या.

पहिल्यांदा करताय तर रविवारी सकाळी बसा, सोबत एक जाणता माणूस घ्या. घाई असेल त्या दिवशी हे काम काढूच नका.