दळणाची पहाट आणि राहिलेली झोप

मंडळी, दुपारची वेळ, वर पंखा, आणि व्याख्यानाचा विषय झोप. म्हणजे संकट आम्ही स्वतःच ओढवून घेतलंय. पण श्रोत्यांच्या डुलक्यांचा प्रश्न आजचा नाही. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या 18व्या दशकात एक अख्खा समास निद्रेला दिलेला आहे. माणसाला झोप कशी घेरते, जांभया कशा येतात, कोण घोरतो, कोण बरळतो, सगळं अगदी मजेदार टिपलंय. आणि त्याच्या लगेच पुढचा समास आहे श्रोत्यांच्या अवलक्षणांवर! समर्थांना कीर्तनातले श्रोते चांगलेच ठाऊक होते. तेव्हा कोणाला डुलकी लागलीच तर लागू द्या, आम्ही राग मानणार नाही. का मानणार नाही, ते पुढे कळेल.

आमचा मूळ विषय लोकगीतांचा. झोप त्यात मागच्या दारानं आली. झालं असं की, आपल्याकडच्या बायकांच्या गाण्यांची घरगुती विभागणी करायला बसलो, तेव्हा लक्षात आलं की पुष्कळशी गाणी झोपेच्या दोन काठांवर उभी आहेत. रात्रीच्या काठावर अंगाई आणि पाळणा. पहाटेच्या काठावर जात्यावरची ओवी. देवळात हेच बघा, रात्री शेजारती, पहाटे काकडआरती आणि भूपाळी. पण देवळातल्या दोन्ही वेळा सांभाळायला माणसं असतात, पाळ्या असतात. घरात मात्र रात्री मुलाला निजवणारी आणि पहाटे जात्याशी बसणारी बाई एकच. मग ती स्वतः निजायची कधी?

या प्रश्नाचं उत्तर जात्यापाशी सापडतं. म्हणून तिथं जरा बसू.

तरुण मंडळींनी जातं पाहिलं असेल ते हॉटेलच्या दारात शोभेला ठेवलेलं. दोन गोल जड दगड, एकावर एक. वरच्याला मध्ये तोंड आणि कडेला लाकडी खुंटा. एका हातानं खुंटा धरून दगड फिरवायचा, दुसऱ्या हातानं तोंडात मूठमूठ दाणे घालत राहायचे. त्या दाण्यांना वैरण म्हणतात. दोघीजणी असल्या तर समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात लावायच्या, म्हणजे सासू आणि सून, जावा-जावा, नाहीतर नणंद-भावजय. दिवसभर ज्या एकमेकींशी धड बोलत नसतील, त्यांना पहाटे एका लयीत हात फिरवावाच लागे.

आता कोणी विचारेल, पहाटे उठून दळायचं कशाला? आठवड्याचं दळण एकदाच दुपारी का नाही काढायचं? याचं उत्तर धान्यात आहे. बाजरीत स्निग्धांश जास्त. तिचं पीठ करून ठेवलं की थोड्याच दिवसांत त्याला कडवटपणा येतो, खवट वास मारतो. ज्वारीचंही पीठ शिळं झालं की भाकरी थापताना तुटते. शिवाय हातानं दळून निघणार किती? म्हणून दळण रोजचं किंवा एकाआड एक दिवसाचं. दिवस उजाडला की पाणी, झाडलोट, चूल, गुरं आणि मग शेत. दळायला उरतो तो रात्रीचा शेवटचा तुकडा. कोंबडं आरवायच्या आत. म्हणजे घरातल्या भाकरीसाठी रोज जे खर्ची पडायचं त्यात धान्य होतं, हाताचं बळ होतं आणि एका बाईची तास-दोन तासांची झोप होती. पहिल्या दोन गोष्टींचा हिशेब लोक ठेवत. झोपेचा कोणी ठेवला नाही.

ठेवला तो ओवीनं. अंधार, एकसारखी घरघर, एकसारखा हात. यात डोळा लागणं अगदी साहजिक आहे. गाणं म्हणायचं म्हणजे श्वास लांब घ्यावा लागतो, पुढचा शब्द आठवावा लागतो, समोरची चुकली तर सावरावं लागतं. ओवीचा एक अर्थ भक्ती, एक अर्थ माहेरची आठवण, हे अभ्यासक सांगतात आणि ते खरंच आहे. आमचं म्हणणं एवढंच की ती आधी जागं राहायची युक्ती होती. आणि त्या वेळेला घरातले पुरुष झोपलेले! त्यामुळे जात्याशी मन मोकळं करायला बरं पडे. भावानं चौकशी केली नाही, नवरा रागीट आहे, लेकीला लांब दिलं, असलं सगळं त्या घरघरीत मिसळून जायचं.

पुण्यात गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायकांकडून अशा ओव्या गोळा केल्या. एक लाखाच्या वर. आज त्यातल्या पुष्कळ ‘पारी’ या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. त्याआधी साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्यांचा मोठा साठा करून ठेवला होता. ही संख्या ऐकली की आपण म्हणतो, केवढी प्रतिभा! बरोबरच आहे. पण एक लाख ओव्या म्हणजे किती पहाटा, हेही जरा मनात आणून बघा.

अंगाईबद्दल थोडक्यात सांगतो. तान्ह्या मुलाला शब्द कळत नाहीत, हे आईला माहीत असतं. नवजात बाळ दिवसाचे 14 ते 17 तास झोपतं, पण तुकड्या-तुकड्यांनी. रात्र-दिवसाचा फरक त्याच्या शरीराला कळायलाच दोन-तीन महिने जातात. तोवर आईची रात्रही तुकड्यांचीच. म्हणून अंगाईत एकीकडे चांदोबा आणि चिऊताई असते आणि दुसरीकडे बागुलबुवाची धमकीही असते. ती धमकी दमलेल्या माणसाची आहे.

आता आळसाकडे येऊ. लवकर निजून लवकर उठणाऱ्याला काय काय मिळतं, ते सांगणारं यमक आपण सगळे लहानपणी घोकलेलं आहे. आपल्याला ते आजोबांचं वाटतं, पण त्याचा सांगाडा इंग्रजी म्हणीचा आहे. बेंजामिन फ्रँकलिननं ती म्हण 1735 सालच्या आपल्या पंचांगात छापली आणि गाजवली. म्हण त्याच्याही आधीची. मौज अशी की यमकात निजणं आधी आहे आणि उठणं नंतर. आमच्या घरात, तुमच्याही असेल, ऐकू यायचा तो फक्त दुसरा अर्धा भाग. लवकर निज म्हणून पांघरूण कोणी घातलं नाही; लवकर ऊठ म्हणून ओढलं मात्र रोज.

आणि ‘आळशी’ हा शब्दही सगळ्यांना सारखा वाटला जात नाही. पोटभर जेवून घरमालक डाव्या कुशीवर पडला की ती वामकुक्षी. त्याच वेळी अंगणात गडी लवंडला तर तो आळशी. पुण्यातल्या दुकानांच्या 1 ते 4 वर आपण विनोद करतो, पण त्यात कौतुकाचा एक धागा असतोच की नाही? सून दुपारी निजली तर तसलं कौतुक नाही. लेक निजली तर मात्र आई म्हणते, निजू दे बाई, माहेरी आलीय. भोंडल्याच्या गाण्यांत सुनेचं माहेरी जाणं सासू कारल्याच्या वेलाच्या निमित्तानं कसं लांबवत नेते, ते सगळ्यांना माहीत आहे. त्या लांबलेल्या माहेरात आणखी काय काय अडकलेलं असेल? आमच्या मते पोटभर झोप नक्कीच.

देवाच्या बाबतीत मात्र आपण फार समजूतदार आहोत. विष्णू आषाढीला निजतो तो कार्तिकीला उठतो. चार महिने! कोणी त्याला आळशी म्हणत नाही. आणि पंढरपूरला याच्या उलटही चालतं. आषाढी वारीत दर्शनाला रांगा लागतात, म्हणून विठोबाचा पलंग काढतात. शेजारती बंद, काकडा बंद. देव चोवीस तास उभा. त्याला टेकायला पाठीशी मऊ लोड देतात. गर्दी ओसरली की प्रक्षाळपूजा होते, ऊन पाण्यानं स्नान होतं, शिणवटा जावा म्हणून काढ्याचा नैवेद्य दाखवतात आणि मग पलंग परत येतो. जागरणानं अंग शिणतं, त्याची भरपाई करावी लागते, हे आपल्या लोकांना इतकं नीट कळतं. फक्त देवाला कळतं तसं सुनेला लागू करायचं राहिलं.

वैद्यकानंही हे जुन्या काळीच नोंदवलंय. चरकसंहितेत आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या बरोबरीनं निद्रेला शरीराचा उपस्तंभ म्हटलं आहे. दिवसा झोपणं चरकाला एरवी पसंत नाही. पण उन्हाळ्यात रात्र लहान म्हणून मुभा आहे. आणि मुभा कोणाकोणाला, तर लहान मुलं, म्हातारे, अशक्त माणसं, तसंच गाण्यानं, अभ्यासानं, कामानं, ओझ्यानं, वाटचालीनं थकलेले लोक. गाण्यानं थकलेले! जात्यावरच्या बाईला यातल्या किती कलमांखाली झोप मिळायला हवी होती, मोजा.

आजचं शास्त्र हेच दुसऱ्या भाषेत सांगतं. आपण जितका वेळ जागे राहतो, तितकं मेंदूत ॲडिनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि झोपेचा दाब वाढतो. चहा-कॉफीतलं कॅफीन तो दाब कमी करत नाही, फक्त काही तास मेंदूला जाणवू देत नाही. याशिवाय शरीरात एक घड्याळ चालू असतं. त्या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या तिघांना 2017 साली नोबेल मिळालं. दुपारची पेंग हाही बराचसा त्या घड्याळाचाच भाग. जेवणाला उगाच सगळा दोष नको. आणि वयात येणाऱ्या मुलांचं घड्याळ बदलतं, त्यांना झोप यायची वेळच तास-दोन तास उशिरावर जाते. त्यांना 8 ते 10 तास झोप लागते. सकाळी सातच्या वर्गात ती कुठून येणार?

इथं आम्हाला एक कबुली द्यायची आहे. आम्ही बरीच वर्षं एका शाळेत शिकवलं. सकाळचं सत्र. नववीच्या वर्गात तिसऱ्या बाकावर एक मुलगी पहिल्या तासाला हमखास पेंगायची. आम्ही तिला कुंभकर्ण म्हणायचो. वर्ग हसायचा, तीही हसायची. वर्षअखेरीला तिची आई भेटायला आली, तेव्हा बोलण्या-बोलण्यात कळलं की त्यांच्या वस्तीत नळाला पाणी रात्री दोनच्या सुमाराला यायचं. आई रात्रपाळीला. पाणी भरायची ती मुलगी. आम्ही जात्यावरच्या ओव्यांवर तेव्हा लेख लिहीत होतो बरं का! कागदावरची पहाटे उठणारी बाई आम्हाला दिसत होती, आणि तिसऱ्या बाकावरची दिसली नाही.

फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारनं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. मुलांच्या झोपेचा विचार सरकारी कागदावर आला, हे चांगलंच झालं. पण लहान मुलं मुळात लवकर उठणारी. उशिरा झोप येते ती आठवी-नववीच्या मुलांना. आणि जिथं एकाच इमारतीत दोन सत्रं भरतात, तिथं सकाळचं सत्र कोणाला तरी घ्यावंच लागतं. ते मोठ्यांच्या गळ्यात पडलं, तर ज्यांना गरज जास्त त्यांचीच झोप गेली.

वेळ संपत आली, तेव्हा शेवटची एक आठवण. आमच्या आत्याला ओव्या पुष्कळ येत. वही घेऊन बसलो की म्हणायची, ‘‘असं नुसतं बसून नाही रे आठवत, हात फिरायला पाहिजे.’’ मग पाटावर वाटी उपडी घालून ती गोल फिरवायची आणि ओव्या धडाधड यायच्या. एकदा विचारलं, गावात पिठाची गिरणी आली, तेव्हा गाणी गेली म्हणून वाईट वाटलं का? आत्या म्हणाली, ‘‘वाईट कसलं? पहिल्या दिवशी पहाटे सवयीनं जाग आली. उठून बसले. मग आठवलं, आज दळायचं नाही. परत आडवी झाले. पण झोप काही येईना बघ. दोन महिने तशीच डोळे उघडे ठेवून पडून राहायचे.’’

‘‘आणि मग?’’

‘‘मग एक दिवस उन्हं अंगावर आली तरी निजले होते. सासूबाई बघून गेल्या, काही बोलल्या नाहीत. त्यांनीही जन्मभर दळलं होतं ना.’’