कुत्र्याला चघळायला काय द्यावे?

तुमच्या घरी कुत्रा आहे का? कदाचित नसेल. पण तुमच्या गल्लीत तो नक्की असेल. शेळ्यामेंढ्या राखणारा कुत्राही तुम्ही पाहिला असेल. या प्राण्याला एक सवय असते. त्याला सतत काहीतरी चघळायला लागते.

नाशिकच्या इंदिरानगरात आमच्या शेजारी एक पिल्लू आणले. ते चार महिन्यांचे होते. आठवडाभरात त्याने दोन चपला, एक पायपुसणे आणि खुर्चीचा पाय कुरतडला. शेजारी चिडले. पण खरे तर पिल्लाचा काही दोष नव्हता. कुत्र्याच्या पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. साधारणपणे चौथ्या ते सातव्या महिन्यात ते पडतात आणि पक्के ४२ दात येतात. म्हणजे आपल्यापेक्षा दहा जास्त! या काळात हिरड्या शिवशिवतात. मग पिल्लू मिळेल ते चावते.

अशा वेळी बहुतेक लोक म्हणतात, "त्याला हाड द्या." ईदच्या किंवा लग्नाच्या जेवणानंतर उरलेली हाडे आपण गल्लीतल्या कुत्र्यांपुढे टाकतो. आपला हेतू चांगला असतो. पण शिजवलेले हाड ठिसूळ होते. चावताच त्याच्या टोकदार काड्या होतात. त्या घशात अडकतात, कधी आतड्याला भोक पाडतात. कोंबडीची हाडे तर फारच वाईट. त्यापेक्षा भात किंवा भाकरीचे तुकडे टाका. त्यांत कांदा मात्र नको. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात.

शेजाऱ्यांना कोणीतरी सांगितले, "सांबराचे शिंग आणा. ते वर्षभर पुरते." ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे.

गाय, बकरी, काळवीट यांची शिंगे आयुष्यभर डोक्यावर राहतात. आपल्या नाशिक जिल्ह्यात येवला तालुक्यातील ममदापूरच्या माळावर काळविटे आहेत. त्यांची शिंगे गळत नाहीत. आत हाड आणि वर नखासारखे कवच, अशी त्यांची रचना असते. सांबर, चितळ आणि बारशिंगा यांचे तसे नाही. त्यांची शिंगे म्हणजे भरीव हाडच असते. ती फक्त नरालाच येतात. वाढताना त्यांच्यावर मखमलीसारखी कातडी असते. वाढ पूर्ण झाली की ती कातडी सुकते आणि नर झाडाला शिंगे घासून ती काढून टाकतो. पुढे ही शिंगे आपोआप गळून पडतात आणि पुन्हा नवी येतात. परदेशांत अशी गळलेली शिंगे गोळा करतात, त्यांचे तुकडे करतात आणि कुत्र्यांसाठी विकतात. उभे चिरलेले शिंग चघळायला सोपे असते, कारण आतला मऊ भाग उघडा पडतो. अखंड शिंग फार टणक असते.

मग आपणही जंगलातून शिंग उचलून आणावे का? मुळीच नाही. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात जंगलात सापडलेले शिंगही वनोपज मानले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तर रानटी प्राण्यांच्या शिंगांच्या व्यापारावर कडक बंधने घातली आहेत. तुम्ही विचाराल, "शिंग आपोआप पडले, मग प्राण्याचे काय नुकसान?" पण शिंगाचे तुकडे केले, की ते गळलेले होते की हरीण मारून काढलेले, हे कोण ओळखणार? शिवाय जंगलात पडलेले शिंग वाया जात नाही. साळिंदर आणि उंदीर ते कुरतडतात. त्यातून त्यांना कॅल्शियम आणि फॉस्फरस मिळते.

आणखी एक अडचण आहे. शिंग जोराने चावताना कुत्र्याची मोठी दाढ, म्हणजे मांस कातरणारी दाढ, तुटू शकते. म्हणून कोणतीही वस्तू देण्याआधी तिच्यावर आपल्या अंगठ्याचे नख दाबून पाहा. नखाची खूण उमटली तर ठीक. उमटली नाही तर ती वस्तू दातांसाठी फार कठीण आहे. नेपाळ आणि सिक्कीमकडे याकच्या किंवा गाईच्या दुधापासून छुरपी नावाचा सुका पदार्थ करतात. तिकडची माणसेही तो चघळतात. हल्ली तो कुत्र्यांसाठीही मिळतो. पण त्यालाही हीच परीक्षा लावा.

शेजाऱ्यांनी शेवटी साधाच उपाय केला. जुन्या सुती कापडाला गाठ मारली, ते ओले करून थंड केले आणि पिल्लाला दिले. हिरड्यांना आराम पडला. कापडाचे धागे सुटू लागले की ते काढून घेत. नंतर गाजर दिले आणि मग रबराचे जाड कडे आणले. कडे निवडताना त्यांनी पिल्लाचे तोंड पाहिले. वस्तू तोंडात पूर्ण मावेल एवढी लहान नको, नाहीतर ती गिळली जाते. चघळून तुकडा लहान झाला की तोही काढून घ्यावा लागतो. कुत्रा चघळत असताना कोणीतरी जवळ असावे. तो ओकू लागला, लाळ गाळू लागला किंवा त्याने खाणे सोडले, तर घरगुती औषध न करता त्याला पशुवैद्याकडे न्यावे.

ते पिल्लू आता मोठे झाले आहे. कडे त्याला फार आवडते. चपला मात्र शेजारी अजूनही कपाटातच ठेवतात.