टू मेनी कनेक्शन्स!

मी कॉन्व्हेंटवाली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. पण ही फजिती सांगायलाच हवी.

होस्टेलच्या रूम अलॉटमेंटचा प्रोग्राम मी जावामध्ये लिहिला होता. शेवटच्या रात्री सगळ्यांनी एकदम फॉर्म उघडले आणि झालं! स्क्रीनवर 'एरर १०४०: टू मेनी कनेक्शन्स'. फर्स्ट इयरच्या मुली रडवेल्या होऊन माझ्या दारात.

मंडळी, मायएसक्यूएलचं गणित आपल्या मेससारखंच आहे. ताटं ठरलेली, मूळ सेटिंगमध्ये १५१. जेवून झालेले ताट अडवून बसले, तर रांगेतले उपाशी! मी काय केलं, तर ताटंच वाढवली. 'मॅक्स कनेक्शन्स' ३०० करून सर्व्हर रिस्टार्ट केला. दहा मिनिटांत तीही संपली.

ॲडमिनसाठी एक जादा कनेक्शन राखीव असतं. त्यावरून आत शिरून 'शो प्रोसेसलिस्ट' दिलं. बहुतेक सगळी 'स्लीप'मध्ये! काम संपलेलं, पण कनेक्शन सोडलेलंच नाही. अशांना मायएसक्यूएल स्वतःहून हाकलतं खरं, पण २८,८०० सेकंदांनी, म्हणजे ८ तासांनी.

चूक माझीच होती. फॉर्म चुकला की माझा कोड कनेक्शन बंद न करताच परत फिरायचा. 'क्लोज' उचलून 'फायनली'मध्ये टाकलं, कारण तो भाग एरर आली तरी चालतोच. पुन्हा रिस्टार्ट केलं आणि फॉर्म धडाधड भरले गेले.

तेव्हा दोस्तहो, सर्व्हरला शिव्या देण्याआधी प्रोसेसलिस्ट बघा. ताटं कमी नसतात, कोणीतरी अडवून बसलेलं असतं. बहुतेक वेळा आपणच!