तीन धरणे आणि खानदेशचा शिल्पकार

नंदुरबार (प्रतिनिधी) : सरदार सरोवरानजीक साधू बेटावर उभा असलेला सरदार वल्लभभाई पटेल यांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा गुजरातचा म्हणून ओळखला जातो. तो साकारणारे राम वनजी सुतार मात्र आपल्या खानदेशचे. धुळ्याजवळील गोंदूर येथे १९ फेब्रुवारी १९२५ रोजी त्यांचा जन्म झाला. नंदुरबार त्या वेळी स्वतंत्र जिल्हा नव्हता. तो १९९८ मध्ये धुळ्यापासून वेगळा झाला. शंभरी ओलांडलेल्या सुतार यांचे डिसेंबर २०२५ मध्ये नोएडा येथे निधन झाले.

सुतारकाम हा घरचाच व्यवसाय. गावातील गुरू श्रीराम कृष्ण जोशी यांनी त्यांना मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाची वाट दाखविली. तेथे १९५३ मध्ये त्यांना मेयो सुवर्णपदक मिळाले. पुढील काही वर्षे त्यांनी औरंगाबादेत पुरातत्त्व खात्यात राहून अजिंठा-वेरुळच्या भग्न शिल्पांची डागडुजी केली. या कामात कलावंताला स्वतःचा हात लपवावा लागतो. सुतार यांच्या पुढील कामात शैलीचा आग्रह कमी आणि व्यक्तीच्या साम्याचा आग्रह अधिक दिसतो, त्याचे मूळ येथे असावे. दिल्लीतील सरकारी नोकरी त्यांनी लवकरच सोडली.

त्यांच्या कारकिर्दीत धरणे पुन्हा पुन्हा येतात. मध्य प्रदेशातील गांधीसागर धरणावर त्यांनी चंबळ मातेचे ४५ फुटी शिल्प एकाच अखंड ठोकळ्यातून कोरले. तिच्याजवळची दोन बालके म्हणजे मध्य प्रदेश व राजस्थान. हे काम पाहून पंडित नेहरूंनी भाक्रा धरणासाठी श्रमिकांचे ५० फुटी शिल्प सुचविले. पण पैशाअभावी ते उभे राहिलेच नाही. धरण बांधणाऱ्या मजुरांचे स्मारक तेवढे मागे राहावे, ही हळहळ वाटण्याजोगी गोष्ट आहे.

तिसरे धरण नर्मदेवरचे. एवढ्या उंचीचा पुतळा कोणी छिन्नी घेऊन घडवत नाही. सुतार यांनी आधी लहान, मग ३० फुटी प्रतिकृती केली. तिची मोजमापे संगणकावर घेऊन आकार वाढविण्यात आला. आत काँक्रीटचे दोन मनोरे, त्याभोवती पोलादी सांगाडा आणि त्यावर चीनमध्ये ओतलेल्या कांस्यपत्र्यांचे आवरण, अशी त्याची रचना आहे. सरदार चालण्याच्या पवित्र्यात असल्याने दोन पावलांमध्ये फट राहते. धोतर नेसलेली आकृती खाली निमुळती होते, म्हणजे बुंध्याला रुंदी नाही. वाऱ्याचे गणित त्यामुळे अवघड झाले आणि आत प्रत्येकी २५० टनांचे दोन डोलरोधक बसवावे लागले. लहान प्रतिकृतीत जी ऐट वाटते, तीच मोठ्या आकारात अभियंत्याची डोकेदुखी ठरते. पुतळ्याचे अनावरण ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी झाले. सुतार तेव्हा ९३ वर्षांचे होते. त्याआधी १९९९ मध्ये पद्मश्री आणि २०१६ मध्ये पद्मभूषण त्यांना मिळाले होते. महाराष्ट्र भूषण मात्र २०२४ सालचा.

प्रवासी लिफ्टने १५३ मीटर उंचीवरील सज्जात जातात, तेथून धरणाची भिंत दिसते. नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांची ३३ गावे त्या भिंतीमागच्या जलाशयाने बाधित झाली. त्यांपैकी सर्वांत आधी बुडालेले मणिबेली भिंतीच्या अगदी जवळचे.